डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग

विल्यम एडवर्ड्स डेमिंग (१४ ऑक्टोबर, १९०० – २० डिसेंबर, १९९३) हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ, प्राध्यापक, लेखक आणि व्यवस्थापन सल्लागार होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील अभियंत्यांना व उद्योजकांना त्यांनी गुणवत्ता नियंत्रणाचे जे शिक्षण दिले, त्यासाठी ते जगभर ओळखले जातात. योजना, कृती, अभ्यास आणि कार्यवाही या चार टप्प्यांचे चक्र ‘डेमिंग चक्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र डेमिंग स्वतः त्याचे श्रेय आपले मार्गदर्शक वॉल्टर शूहार्ट यांना देत असत. सॉफ्टवेअर क्षेत्रातील अ‍ॅजाइल प्रकल्प व्यवस्थापन आणि स्क्रम ही कार्यचौकट यांच्या वैचारिक पूर्वसूरींमध्ये डेमिंग यांची गणना होते. बदल आधी लहान प्रमाणावर करून पाहावा, त्याच्या परिणामांतून शिकावे आणि दोष माणसात शोधण्यापूर्वी कामाच्या व्यवस्थेत शोधावा, हे त्यांच्या शिकवणीचे सार आहे.

बालपण व शिक्षण

डेमिंग यांचा जन्म अमेरिकेतील आयोवा राज्यात सू सिटी येथे झाला. त्यांचे वडील विल्यम अल्बर्ट डेमिंग आणि आई प्लूमा आयरीन एडवर्ड्स. आई संगीत शिकवीत असे. सुरुवातीची काही वर्षे आयोवातील पोक सिटी येथे आजोळच्या शेतावर गेल्यानंतर हे कुटुंब वायोमिंग राज्यात स्थलांतरित झाले आणि पॉवेल या नव्याने वसणाऱ्या गावी त्यांनी ४० एकर जमीन घेतली. जमीन फारशी सुपीक नव्हती आणि घरची परिस्थिती बेताची होती. शाळकरी वयातच डेमिंग यांना लहानमोठी कामे करून घरखर्चाला हातभार लावावा लागला.

१९१७ साली त्यांनी लॅरमी येथील वायोमिंग विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९२१ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठातून गणित व भौतिकशास्त्र या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९२८ साली त्यांनी येल विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली.

विद्यार्थिदशेत, १९२५ व १९२६ सालच्या उन्हाळी सुट्ट्यांत त्यांनी शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात काम केले. टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या या अवाढव्य कारखान्यात हजारो कामगार होते. माल तयार झाल्यावर निरीक्षकांचा मोठा ताफा त्यातील सदोष वस्तू वेगळ्या काढत असे. सदोष वस्तू बनवण्याचा, ती शोधण्याचा आणि पुन्हा दुरुस्त करण्याचा असा तिहेरी खर्च या पद्धतीत होत असे. अखेरच्या तपासणीवर विसंबून राहण्यास पुढील काळात डेमिंग यांनी जो कडाडून विरोध केला, त्याची पार्श्वभूमी येथे दिसते.

शूहार्ट यांचा प्रभाव

१९२७ साली डेमिंग अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले. त्याच सुमारास त्यांची ओळख बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांच्याशी झाली. मे १९२४ मध्ये शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक लहानसे टिपण सादर केले होते. त्यात नियंत्रण तक्त्याची कल्पना प्रथमच मांडली होती. कोणत्याही कामाच्या परिणामांत चढउतार असतातच. त्यांपैकी काही त्या व्यवस्थेच्या अंगभूत रचनेतून येतात, तर काही एखाद्या विशिष्ट घटनेमुळे येतात. या दोहोंतील फरक नियंत्रण तक्त्यामुळे ओळखता येतो. डेमिंग यांनी पुढे पहिल्या प्रकारास सामान्य कारणे आणि दुसऱ्या प्रकारास विशेष कारणे असे म्हटले.

डेमिंग यांच्या पुढाकाराने शूहार्ट यांनी १९३८ साली वॉशिंग्टन येथे कृषी खात्याच्या पदव्युत्तर शाळेत व्याख्याने दिली. डेमिंग यांनी संपादित केलेल्या या व्याख्यानांचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. वस्तूचे तपशील ठरवणे, उत्पादन करणे आणि तपासणी करणे या तीन पायऱ्या एका सरळ रेषेत नसून वर्तुळात असल्या पाहिजेत, असा विचार शूहार्ट यांनी त्यात मांडला. त्यांनी या पायऱ्यांची तुलना वैज्ञानिक पद्धतीतील गृहीतक मांडणे, प्रयोग करणे आणि गृहीतकाची पारख करणे यांच्याशी केली. उत्पादन हीसुद्धा ज्ञान मिळवण्याची एक प्रक्रिया आहे, हा या तुलनेचा अर्थ होता.

जनगणना आणि युद्धकाळ

१९३६ साली डेमिंग यांनी लंडन येथे रोनाल्ड फिशर व येझी नेमन यांच्या मार्गदर्शनाखाली संख्याशास्त्राचा अभ्यास केला. १९३९ साली ते अमेरिकेच्या जनगणना कार्यालयात दाखल झाले. १९४० सालच्या अमेरिकन जनगणनेत प्रथमच नमुना पद्धतीचा वापर झाला आणि लोकसंख्येच्या ५ टक्के नमुन्याला पुरवणी प्रश्न विचारण्यात आले. या कामात डेमिंग यांचा महत्त्वाचा सहभाग होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या सूचनेवरून स्टॅनफर्ड विद्यापीठाने युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील अभियंते व निरीक्षकांसाठी संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचे वर्ग सुरू केले. हे शिक्षण देशभरातील हजारो लोकांपर्यंत पोहोचले, परंतु त्याचा प्रभाव टिकला नाही. युद्ध संपल्यावर अमेरिकन मालाला जगभर मागणी होती आणि जे बनेल ते विकले जात होते. त्यामुळे कंपन्यांनी नियंत्रण तक्ते बाजूला ठेवले. या अपयशाची मीमांसा करताना डेमिंग या निष्कर्षाला आले की, आपण तंत्रज्ञांना शिकवले, पण निर्णय घेणाऱ्या वरिष्ठ व्यवस्थापकांना शिकवले नाही. १९४६ साली सरकारी नोकरी सोडून ते स्वतंत्र सल्लागार झाले. त्याच वर्षी न्यू यॉर्क विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली.

जपानमधील कार्य

१९४७ साली दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने जपानमधील जनगणनेच्या पूर्वतयारीसाठी डेमिंग यांना पाचारण केले. तेथे त्यांचा जपानी संख्याशास्त्रज्ञांशी स्नेह जुळला. जपानी शास्त्रज्ञ व अभियंते संघ (जूसे) ही संस्था त्या वेळी देशाच्या औद्योगिक पुनर्बांधणीसाठी प्रयत्न करत होती. संस्थेचे केनिची कोयानागी यांच्या निमंत्रणावरून डेमिंग १९५० च्या उन्हाळ्यात पुन्हा जपानला गेले. जुलै महिन्यात टोकियो येथे त्यांनी आठ दिवसांचा अभ्यासवर्ग घेतला.

अमेरिकेतील अनुभवामुळे या वेळी त्यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना भेटण्याचा आग्रह धरला. उद्योगजगतातील ज्येष्ठ नेते इचिरो इशिकावा यांच्या मध्यस्थीने २१ प्रमुख उद्योगपती एकत्र आले. गुणवत्ता सुधारली की दुरुस्ती व नासाडी कमी होते, त्यामुळे खर्च घटतो, उत्पादकता वाढते, बाजारपेठ मिळते, उद्योग टिकतो आणि रोजगार वाढतो, अशी साखळी डेमिंग यांनी त्यांच्यापुढे फळ्यावर मांडली. जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी त्या काळी जगभर समजूत होती. पाच वर्षांत हे चित्र पालटू शकेल, असे भाकीत त्यांनी केले.

या व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन डेमिंग यांनी नाकारले व ते जूसे संस्थेला दिले. त्या निधीतून १९५१ साली डेमिंग पारितोषिक सुरू झाले. टोयोटा मोटर कंपनीला हे पारितोषिक १९६५ साली, तर फुजी झेरॉक्स कंपनीला १९८० साली मिळाले. १९६० साली जपानच्या सम्राटांच्या वतीने डेमिंग यांना ‘ऑर्डर ऑफ द सेक्रेड ट्रेझर’ हा द्वितीय श्रेणीचा सन्मान देण्यात आला.

चक्राचे स्वरूप

जपानमधील व्याख्यानांत डेमिंग यांनी शूहार्ट यांच्या वर्तुळाचा विस्तार केला. वस्तूची रचना करणे, ती बनवणे, बाजारात आणणे आणि ग्राहकांचा अनुभव जाणून घेऊन नव्याने रचना करणे, असे ते चक्र होते. जपानी अभ्यासकांनी त्याला योजना, कृती, तपासणी व कार्यवाही असे रूप दिले आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून ते पीडीसीए या नावाने रूढ झाले.

डेमिंग यांना ‘तपासणी’ हा शब्द मान्य नव्हता. तपासणी म्हणजे ठरवलेले काम झाले की नाही, एवढेच पाहणे, असा अर्थ त्यातून निघतो. त्यांच्या मते तिसरा टप्पा ‘अभ्यास’ असावा. आपण कोणता परिणाम अपेक्षिला होता, प्रत्यक्षात काय घडले, दोहोंत फरक का पडला आणि त्यावरून आपल्या समजुतीत कोणता बदल करावा लागेल, हे या टप्प्यात तपासायचे असते. म्हणून त्यांनी पीडीएसए हे रूप स्वीकारले. या भूमिकेमागे तत्त्वज्ञ क्लॅरेन्स अर्व्हिंग लुईस यांच्या ज्ञानमीमांसेचा प्रभाव होता. लुईस यांचे लेखन शूहार्ट यांनीच त्यांना वाचायला सांगितले होते. सिद्धांताशिवाय अनुभवातून काहीही शिकता येत नाही, असे डेमिंग यांचे मत होते. पूर्वानुमान न करता केलेली कृती चक्रात कितीही वेळा फिरवली, तरी तिच्यातून ज्ञान निर्माण होत नाही.

अमेरिकेत उशिरा मिळालेली मान्यता

जपानमध्ये नावाजलेले डेमिंग स्वतःच्या देशात जवळपास तीन दशके संख्याशास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे परिचित नव्हते. १९७० च्या दशकात जपानी मोटारी व इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी अमेरिकन बाजारपेठ काबीज केली. २४ जून, १९८० रोजी एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीने जपानला जे जमते ते अमेरिकेला का जमू नये, या विषयावरील माहितीपट प्रसारित केला. त्यातून डेमिंग यांचे नाव सर्वसामान्य अमेरिकनांपर्यंत पोहोचले. त्या वेळी ते ७९ वर्षांचे होते.

त्यानंतर फोर्ड मोटरसह अनेक कंपन्यांनी त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. फोर्डमध्ये त्यांनी गुणवत्तेच्या तंत्रांपेक्षा कंपनीच्या व्यवस्थापनशैलीविषयीच अधिक प्रश्न विचारले. पुढील तेरा वर्षे ते देशोदेशी चार दिवसांची चर्चासत्रे घेत राहिले.

तांबड्या मण्यांचा प्रयोग

या चर्चासत्रांतील तांबड्या मण्यांचा प्रयोग विशेष प्रसिद्ध आहे. एका पेटीत ३,२०० पांढरे आणि ८०० तांबडे मणी असत. श्रोत्यांतून निवडलेले ‘कामगार’ ५० खळगे असलेली फळी पेटीत बुडवून एका वेळी ५० मणी बाहेर काढत. पांढरा मणी म्हणजे चांगला माल आणि तांबडा मणी म्हणजे दोष. डेमिंग मुकादमाची भूमिका करत. ते कमी तांबडे मणी काढणाऱ्याचे कौतुक करत, जास्त काढणाऱ्याला दटावत, भिंतीवर घोषवाक्ये लावत आणि अखेरीस ‘अकार्यक्षम’ कामगारांना कामावरून काढून टाकत.

पेटीत २० टक्के मणी तांबडे असल्याने प्रत्येक खेपेस सरासरी सुमारे १० तांबडे मणी येणे अपेक्षित असते. नियंत्रण तक्त्याच्या नेहमीच्या सूत्राने मर्यादा काढल्यास २ ते १८ पर्यंतची कोणतीही संख्या व्यवस्थेच्या अंगभूत चढउतारात मोडते. म्हणजेच ६ मणी काढणारा कुशल आणि १५ मणी काढणारा आळशी, असे म्हणण्यास कोणताही आधार उरत नाही. दोष कमी करायचे तर पेटीतील तांबडे मणी कमी केले पाहिजेत, आणि ते कामगाराच्या हातात नसून व्यवस्थापनाच्या हातात असते. आपल्या अनुभवावरून डेमिंग यांचा अंदाज असा होता की, कामातील ९४ टक्के अडचणी व्यवस्थेतून उद्भवतात आणि त्या दूर करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असते.

चौदा सूत्रे व सखोल ज्ञान

आउट ऑफ द क्रायसिस या ग्रंथात डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी चौदा सूत्रे मांडली. उद्दिष्टात सातत्य ठेवावे, गुणवत्तेसाठी घाऊक तपासणीवर विसंबू नये, केवळ किमतीवर खरेदी ठरवू नये, भीती घालवावी, विभागांमधील भिंती पाडाव्यात, कामगारांसाठीची घोषवाक्ये व संख्यात्मक लक्ष्ये रद्द करावीत आणि माणसाचा आपल्या कामाविषयीचा अभिमान हिरावून घेऊ नये, ही त्यांतील काही सूत्रे होत. कर्मचाऱ्यांचे वार्षिक मूल्यमापन करून त्यांची क्रमवारी लावण्याच्या प्रथेला त्यांनी व्यवस्थापनाच्या घातक रोगांपैकी एक मानले.

आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या द न्यू इकॉनॉमिक्स या ग्रंथात त्यांनी आपले विचार सखोल ज्ञानाच्या व्यवस्थेत गुंफले. व्यवस्थेची जाण, चढउतारांचे ज्ञान, ज्ञानाचा सिद्धांत आणि मानसशास्त्र हे तिचे चार परस्परावलंबी भाग आहेत.

अ‍ॅजाइल व स्क्रमशी संबंध

डेमिंग यांनी सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी स्वतंत्र पद्धती सांगितली नाही. तथापि दोन वाटांनी त्यांचा विचार या क्षेत्रात पोहोचला. पहिली वाट जपानी उद्योगांची होती. १९८६ साली हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका यांनी होंडा, कॅनन, फुजी झेरॉक्स आदी कंपन्यांतील नव्या वस्तूंच्या निर्मितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. विविध कौशल्यांचा एकच चमू संपूर्ण काम पुढे नेतो, या पद्धतीला त्यांनी रग्बी खेळाची उपमा दिली. या लेखापासून प्रेरणा घेऊन जेफ सदरलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ईझल कॉर्पोरेशन या कंपनीत पहिला स्क्रम चमू उभा केला. केन श्वेबर व सदरलँड यांनी १९९५ साली स्क्रमची मांडणी जाहीरपणे केली, तर २००१ साली अमेरिकेतील स्नोबर्ड येथे १७ जणांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा तयार केला. सदरलँड यांनी आपल्या पुस्तकात डेमिंग व त्यांच्या चक्राचा ऋणनिर्देश केला आहे.

दुसरी वाट टप्प्याटप्प्याने होणाऱ्या विकासाची होती. क्रेग लारमन व व्हिक्टर बॅसिली यांनी २००३ साली लिहिलेल्या इतिहासात पुनरावर्ती सॉफ्टवेअर विकासाची मुळे १९३० च्या दशकातील शूहार्ट यांच्या कार्यापर्यंत नेली आहेत आणि त्या विचाराच्या प्रसाराचे श्रेय डेमिंग यांना दिले आहे.

स्क्रममध्ये काम जास्तीत जास्त एक महिन्याच्या ‘स्प्रिंट’मध्ये विभागले जाते. स्प्रिंटच्या प्रारंभी नियोजन, मग प्रत्यक्ष काम, अखेरीस तयार झालेल्या भागाचा आढावा आणि चमूच्या कार्यपद्धतीचे सिंहावलोकन असा क्रम असतो. पारदर्शकता, निरीक्षण व अनुकूलन हे त्याचे तीन आधारस्तंभ मानले जातात. या क्रमाचे डेमिंग यांच्या चक्राशी साम्य उघड आहे.

तपासणी आणि अभ्यास यांतील डेमिंग यांनी दाखवलेला भेद मात्र येथेही लागू पडतो. अनेक चमू प्रत्येक स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या कामाला गुण देऊन आपला वेग मोजतात. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत अशा मोजणीची अट नाही. समजा, एखाद्या चमूचा वेग लागोपाठच्या स्प्रिंटमध्ये २१, २६, १९ आणि २४ असा आला. डेमिंग यांच्या दृष्टीने १९ गुणांबद्दल चमूला जाब विचारणे किंवा २६ गुणांबद्दल बक्षीस देणे हे तांबड्या मण्यांच्या मुकादमासारखेच ठरेल. वेग हे लक्ष्य बनले की चमू आकडे फुगवू लागतो आणि सिंहावलोकनाच्या बैठकीत अडचणी सांगण्याचे धाडस कोणी करत नाही. भीती घालवण्याचे त्यांचे सूत्र म्हणूनच या बैठकीची पूर्वअट ठरते. बैठका वेळच्या वेळी झाल्या, पण त्यांतून कामाच्या व्यवस्थेत काहीच बदलले नाही, तर चक्राचा केवळ आकार उरतो.

भारताशी संबंध

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी स्थापन केलेल्या नमुना सर्वेक्षणविषयक उपआयोगाचे अध्यक्ष भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस होते, आणि डेमिंग त्याचे सदस्य होते. शूहार्ट यांनीही १९४७-४८ मध्ये भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या निमंत्रणावरून भारताचा दौरा केला होता. या दौऱ्यानंतर देशातील संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाच्या चळवळीला चालना मिळाली.

डेमिंग पारितोषिक मिळवणारी पहिली भारतीय कंपनी सुंदरम-क्लेटन (१९९८) होय. कांदिवली व नागपूर येथे ट्रॅक्टर बनवणाऱ्या महिंद्रा अँड महिंद्राच्या कृषी उपकरण विभागाला २००३ साली, तर टाटा स्टीलला २००८ साली हे पारितोषिक मिळाले.

मूल्यमापन व मतभेद

जपानच्या औद्योगिक प्रगतीचे श्रेय एकट्या डेमिंग यांना देणे अनेक अभ्यासकांना मान्य नाही. होमर सॅरासन व चार्ल्स प्रोट्झमन या अमेरिकन अभियंत्यांनी डेमिंग यांच्या अभ्यासवर्गापूर्वीच जपानी व्यवस्थापकांना प्रशिक्षण दिले होते. १९५४ साली जोसेफ ज्युरान यांनी तेथे दिलेली व्याख्यानेही प्रभावी ठरली. काओरू इशिकावा यांच्यासारखे जपानी तज्ज्ञ आणि टोयोटाची उत्पादन पद्धती विकसित करणारे ताइची ओनो यांचे योगदान स्वतंत्र आहे. संख्यात्मक लक्ष्ये व वैयक्तिक मूल्यमापन पूर्णपणे रद्द करण्याची डेमिंग यांची सूचना बहुतेक कंपन्यांनी स्वीकारली नाही. तिच्या व्यवहार्यतेविषयी आजही वाद आहे.

वैयक्तिक जीवन

डेमिंग यांचा पहिला विवाह १९२२ साली अ‍ॅग्नेस बेल यांच्याशी झाला. १९३० साली त्यांचे निधन झाले. १९३२ साली डेमिंग यांनी गणितज्ञ लोला शूप यांच्याशी विवाह केला. त्यांना तीन मुली होत्या, त्यांपैकी एक दत्तक होती. वॉशिंग्टन येथील साध्या घराच्या तळघरातून त्यांनी अनेक दशके आपला व्यवसाय चालवला. संगीताची त्यांना आवड होती आणि त्यांनी धार्मिक संगीतरचनाही केल्या.

ग्रंथ व सन्मान

त्यांच्या प्रमुख ग्रंथांत सम थिअरी ऑफ सॅम्पलिंग (१९५०), आउट ऑफ द क्रायसिस (१९८६) आणि द न्यू इकॉनॉमिक्स (१९९३) यांचा समावेश होतो. १९८७ साली राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या हस्ते त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक प्रदान करण्यात आले.

मृत्यू

डेमिंग यांनी वयाच्या ९३ व्या वर्षापर्यंत अध्यापन व चर्चासत्रे सुरू ठेवली. २० डिसेंबर, १९९३ रोजी वॉशिंग्टन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या कार्याच्या प्रसारासाठी डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग संस्थेची स्थापना केली होती. जपानमध्ये आजही दरवर्षी त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाते.